गोल्टीची बरणी

त्या सोमवारी माझे दोन्ही हात माशांत होते, नाकाला ओढणी बांधलेली होती आणि स्पिरिटच्या वासानं डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. अशा अवतारात एखाद्या मुलीला कोणी पहिल्यांदा बघू नये. पण माझं नशीब असं, की नेमकं तेव्हाच दार किलकिलं झालं, एक डोकं आत आलं, माझ्याकडे बघून दोनदा हललं आणि परत बाहेर गेलं. थोड्या वेळानं पुन्हा आलं. पुन्हा दोनदा हललं.

मला वाटलं, स्पिरिट पोचवणारा माणूस आला. दोन दिवस त्याच्यावर माझा राग साठला होता. मी सुनावलं, की नुसती मान हलवून कामं होत नसतात, व्हरांड्यातला कॅन उचलून आत आणा, आणि मागच्या वेळेसारखा सांडू नका. डोकं गेलं. आणि मग वीस लिटरचा कॅन पोटाशी कवटाळून एक उंच, किडकिडीत मुलगा आत आला. डिसेंबरच्या थंडीत अख्खं नाशिक स्वेटर घालून कुडकुडत होतं आणि याच्या कपाळावर घाम.

"कुठे ठेवू?" त्यानं विचारलं.

मी हनुवटीनं कपाटाकडे दाखवलं. त्यानं कॅन ठेवला, रुमालानं हात पुसले आणि अगदी सावकाश म्हणाला, "मी हर्षल. विद्यापीठातून आलोय, ब्लेनी मासे बघायला. तुमच्या मॅडमना पत्र पाठवलं होतं."

कप्पाळ माझं. संशोधक येणार म्हणून मॅडमनी आठवडाभर आधी सांगितलं होतं, पण मी आपली टक्कलवाल्या, चष्मेवाल्या कुणा म्हाताऱ्याची वाट बघत होते. आता ओढणी सोडावी तर हात स्पिरिटमध्ये, आणि न सोडावी तर मी दरोडेखोर दिसतेय. शेवटी तशीच म्हणाले, "बसा ना... सर." आणि तो हसला. वरच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून, थोडंसंच. मला आजही सांगता येणार नाही की त्यात हसण्यासारखं काय होतं, पण माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या एवढं खरं.

तर मी छाया. चांदवडजवळच्या एका खेड्यातली, कांदेवाल्यांची पोर. समुद्राशी आमच्या घराचा संबंध सुकट-बोंबलापुरता. रडतखडत बी.एस्सी. झाले आणि नाशिकच्या या कॉलेजात, प्राणिशास्त्र विभागात, प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले. कंत्राटी. तिसरं वर्ष चालू होतं आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निर्वाणीचं सांगितलं होतं, की यंदा कायम झाली तर ठीक, नाहीतर सामान बांधायचं, घरी यायचं आणि आत्या दोन स्थळं घेऊन बसलीय त्यातलं एक बघायचं. आमच्या विभागप्रमुख उज्वला मॅडम कायम करायच्या लोकांची यादी येत्या शुक्रवारी पाठवणार होत्या. माझं नाव त्यात घालते, असं त्यांनी मला स्वतःहून सांगितलं होतं.

आणि ते कशामुळे, तर या माशांमुळे. आमच्या विभागाचे पहिले प्रमुख, ज्यांना अजून सगळे मोठे सर म्हणतात, ते चाळीस वर्षांपूर्वी सुट्टी पडली की समुद्रावर जायचे. ओहोटीला खडकांत जी डबकी उरतात, त्यातले बोटभर मासे पकडून बरणीत घालून आणायचे. अशा सहा बरण्या. सर गेले आणि बरण्या कपाटात तशाच पडून राहिल्या. स्पिरिट पिवळं झालेलं, झाकणं गंजलेली, एकाच बरणीत बोटाएवढे आणि नखाएवढे सगळे कोंबलेले. दिवाळीच्या सुट्टीत मी मनावर घेतलं. सगळे मासे एका मोठ्या ट्रेमध्ये ओतले आणि छान निवडले. मोठे तीन बरण्यांत, मध्यम दोन बरण्यांत आणि अगदी बारीक, ज्याला आमच्याकडे कांद्यात गोल्टी म्हणतात, ते शेवटच्या एका बरणीत. कळायला लागल्यापासून खळ्यावर बसून मी दुसरं केलंय काय? आत पेन्सिलीनं लिहिलेल्या जुन्या चिठ्ठ्या होत्या, त्याही मी टाकल्या नाहीत, धुऊन-वाळवून प्रत्येक बरणीत एकेक घातली. मॅडम इतक्या खूश झाल्या की फोटो काढून कॉलेजच्या ग्रुपवर टाकला.

हे सगळं मी का सांगतेय ते पुढे कळेलच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पुन्हा दारातून ते डोकं आत आलं आणि दोनदा हललं. ही त्याची आत यायची पद्धतच होती. नमस्कार नाही, गुड मॉर्निंग नाही. सहादूकाका, आमचे शिपाई, निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं, ते माझ्याकडे बघून मिशीत हसले आणि म्हणाले की पाहुणे घड्याळ लावून येतात हं. मी म्हटलं, माशांसाठी येतात. काका म्हणाले, मासे कुठं पळून चाललेत, चाळीस वर्षं झाली त्यांना.

हर्षल येवल्याचा निघाला. घरी पैठणीचा माग, आई-वडील दोघं विणतात. लहानपणी पदरावरच्या मोरासाठी धागे मोजून द्यायचं काम याच्याकडे असायचं. आता तो माशांच्या परांचे काटे मोजतो. पर म्हणजे माशाचे पंख, आणि त्यात जे बारीक-बारीक काटे असतात, त्यांच्या आकड्यावरून जात ठरते. तो भिंगाखाली मासा ठेवायचा आणि सुईच्या टोकानं एकेक काटा न दुखवता बाजूला करत मोजायचा. ओठ हलायचे, आवाज नाही. मी समोर बसून आकडे लिहायची. आणि मधूनच मोजणाऱ्या माणसाकडे बघत राहायची आणि आकडा चुकायचा.

"एकवीस," तो म्हणायचा. "तुम्ही बारा लिहिलंय."

"तुम्ही हळू बोलता."

"मग जवळ बसा ना."

हे त्यानं मान वर न करता म्हटलं. आता याचा अर्थ काय घ्यायचा? आकडा नीट ऐकू यावा म्हणून, की...? मी स्टूल एक वीत पुढे सरकवलं. दोन वीत सरकवलं असतं तर बरं दिसलं नसतं.

मला तर सगळे मासे सारखेच दिसत होते. करडे, बुळबुळीत, फुगल्या डोळ्यांचे. तसं सांगितल्यावर त्यानं दोन मासे माझ्या तळहातावर शेजारीशेजारी ठेवले. म्हणाला, आधी पाठ बघा. याच्या पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच लांब पर आहे, ही ब्लेनी. याच्या पाठीवर दोन वेगळे आहेत, हा गोबी. आता उलटे करा. गोबीच्या पोटावरचे दोन पर जुळून त्याची वाटी झालीय, त्या वाटीनं तो खडकाला चिकटतो. ब्लेनीचे तेच पर हनुवटीखाली सरकलेत आणि दोन बारीक काड्यांसारखे उरलेत, त्यांवर ती रेलून बसते. अंगावर खवले नाहीत, सगळा चिकट बुळबुळीतपणा. दात कंगव्यासारखे, खडकावरचं शेवाळ खरवडायला. आणि डोळ्यांवर बघा, म्हणाला. मी भिंगातून बघितलं तर त्या एवढ्याशा माशाच्या डोळ्यांवर केसांचे दोन झुबके होते. भुवया उंचावून तो माझ्याकडे बघत होता.

ब्लेनींच्या गोतात सहा कुळं, तो सांगत होता, आणि गोबी त्या गोतातच नाही. एकाच डबक्यात राहून राहून दोघं सारखे दिसायला लागलेत, म्हणून लोक फसतात. मी ऐकत होते, पण त्याची बोटं माझ्या तळहातावर मासा सरळ करत होती आणि स्पिरिट गार होतं आणि बोटं नव्हती. मग त्यानं सांगितलं की ब्लेनीचा नर खडकातलं एखादं भोक नाहीतर रिकामा शिंपला शोधतो, दारात डोकं काढून बसतो आणि मादी जवळून गेली की मान हलवतो. अंडी घातली की राखणही तोच करतो.

"मान हलवतो म्हणजे कशी?" मी विचारलं.

त्यानं करून दाखवलं. दोनदा. आणि करता करता त्याच्या काहीतरी लक्षात आलं असावं, कारण मान तिथंच थांबली आणि तो घाईघाईनं भिंगात शिरला. त्या दिवशी पुढचे सगळे आकडे दोघांचेही चुकले.

रात्रभर मी स्वतःशी भांडले. तो माणूस मासे बघायला आलाय बाई, तुला नाही. आठवड्यानं जाईल. पण मग जवळ बसा का म्हणाला? आणि आठवड्यानं जाणार असेल तर तू आत्तापासून दिवस का मोजतेयस?

बुधवारी दुपारी त्यानं शेवटची बरणी उघडली. गोल्टीची. नखाएवढे मासे, एकेकाला चिमट्यानं उचलून भिंगाखाली घ्यायचं. सातवा की आठवा असेल. तो बघत राहिला. मग परत पहिल्यापासून बघायला लागला. मग त्यानं चिमटा खाली ठेवला आणि मला म्हणाला, पाठीवर किती पर दिसतात, मोज.

मोज म्हणाला, मोजा नाही. मी मोजले. तीन होते.

तीन परांची ब्लेनी, सहा कुळांतलं एक कुळ, प्रवाळाच्या बेटांकडे सापडणारं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरून त्याची नोंद त्यानं कुठं वाचली नव्हती. त्यानं चिमट्यानं बरणीच्या तळातली चिठ्ठी काढली, दिव्यापुढे धरली. हर्णै, मोठ्या सरांच्या अक्षरात. तारीख आणि सही.

"ही चिठ्ठी याच बरणीतली ना?"

"हो," मी म्हणाले. खोटं नव्हतं. चिठ्ठी त्याच बरणीत होती.

मग तो बोलायला लागला आणि थांबेचना. चार वर्षं तो डबकी धुंडाळतोय, हाती काही नवं नाही, मार्गदर्शक वैतागलेत, शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपतेय. या एका माशानं सगळं सावरेल. शुक्रवारी विभागात छोटंसं भाषण आहे, तिथं सांगेन, मग लेख लिहीन. आणि म्हणाला, मासा कुठलाही कुठंही मिळतो गं, खरी किंमत या चिठ्ठीची असते. एका जागचे एका बरणीत, ही मोठ्या सरांची शिस्त. चिठ्ठी हरवली की मासा नुसतं मांस.

एका जागचे एका बरणीत.

माझ्या डोळ्यांपुढे तो दिवाळीतला ट्रे आला. हर्णैचे, मालवणचे, रत्नागिरीचे, सगळे एकत्र ओतलेले. आणि सहाव्या बरणीची चिठ्ठी लक्षद्वीपची होती, मला लख्ख आठवलं, कारण तळाशी पांढरी रेती होती आणि ती मी नळाखाली धुऊन टाकली होती. प्रवाळाचं बेट. तो मासा तिथलाच असणार. नाहीतर हर्णैचाही असेल. मला माहीत नव्हतं आणि आता कोणालाच कधी कळणार नव्हतं, कारण मी त्यांची कांद्यासारखी निवड केली होती.

सांगायला हवं होतं. त्याच मिनिटाला. पण तो फोनवर आईला सांगत होता की सापडला, अगं सापडला, आणि एवढा मोठा उंच मुलगा रुमालानं डोळे पुसत होता. मग म्हणाला चल, चहा. कॉलेजच्या मागच्या टपरीवर त्यानं भजी मागवली, पहिलं भजं फुंकर घालून गार केलं आणि माझ्या हातात दिलं. मी ते खाल्लं. इतकं चांगलं वाटत होतं आणि इतकं वाईट वाटत होतं की कुठलं कुठं संपतंय ते कळत नव्हतं.

"तू गप्प का?" त्यानं विचारलं.

"थंडी..." मी म्हणाले.

त्यानं स्वतःचा मफलर काढून टेबलावर माझ्या बाजूला ठेवला. गळ्यात घातला नाही, नुसता माझ्या बाजूला सरकवला. मी तो घेतला. घ्यायला नको होता.

गुरुवारी सकाळी उज्वला मॅडम स्वतः प्रयोगशाळेत आल्या. मोठ्या सरांच्या संग्रहात असं काही निघालं, म्हणून त्यांचा चेहरा फुलला होता. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हर्षलला सांगितलं की या मुलीनं बरण्या वाचवल्या म्हणून हे झालं, उद्या यादीत पहिलं नाव हिचंच. त्या गेल्यावर हर्षलनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. लेखाच्या शेवटी आभार होते. त्यात माझं नाव होतं, संग्रह जसाच्या तसा जपल्याबद्दल.

जसाच्या तसा. त्या दोन शब्दांनी माझा जीव घेतला.

"हे काढ," मी म्हणाले.

त्याला वाटलं मी लाजतेय. तो हसला. मग मी ओढणीचं टोक दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि सगळं सांगितलं. ट्रे, मोठे, मध्यम, गोल्टी, लक्षद्वीपची रेती, सगळं. काल कळलं तेव्हा बोलले नाही, हेही. सांगताना मी त्याच्याकडे बघितलं नाही, टेबलावरच्या त्या तीन परांच्या माशाकडे बघितलं. एवढासा जीव. तो कुठल्या पाण्यातला, हे त्याला एकट्याला माहीत होतं.

हर्षलनं लॅपटॉप बंद केला, सुया कापडात गुंडाळल्या, भिंग पेटीत ठेवलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"कालच्या भज्यांच्या वेळी तुला माहीत होतं," तो एवढंच म्हणाला.

"हो."

तो गेला. जाताना दारात थांबला, पण मान हलली नाही. मफलर माझ्या खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला.

मी रडले नाही असं म्हणणार नाही. ओक्साबोक्शी रडले, स्पिरिटच्या कपाटामागे उभी राहून. सहादूकाकांनी दार लोटून घेतलं आणि बाहेर कोणाला तरी सांगितलं की आत औषध मारलंय, तासभर जाऊ नका. मग मी तोंड धुतलं आणि मॅडमच्या केबिनमध्ये गेले. त्याच्यापुढे बोलले आणि मॅडमपुढे लपवलं, तर त्या बोलण्याला अर्थ काय?

मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रागावल्या, पण माझ्यावर जेवढ्या त्याहून स्वतःवर, कारण फोटो ग्रुपवर त्यांनीच टाकला होता. म्हणाल्या की यादीत आता तुझं नाव घालता येणार नाही, पुढच्या वर्षी बघू. कंत्राट मात्र चालू राहील, कारण ज्यानं घोटाळा केला त्यानंच तो निस्तरायचा. मग कपाटाच्या वरच्या फळीवरून मोठ्या सरांची नोंदवही काढली, धूळ झटकली आणि शेवटच्या पानावर झालेली चूक माझ्या हातानं, तारीख घालून, सही करून लिहायला लावली. मी लिहिलं.

संध्याकाळी घरी फोन केला. नोकरी कायम होत नाही हे एकदम सांगवेना, म्हणून आधी माशांचं सांगितलं. पलीकडे आप्पा कितीतरी वेळ हसत होते.

"मासे काय कांदे हाय व्हय गं?" हसणं आवरल्यावर ते म्हणाले. मग मी नोकरीचंही सांगितलं आणि त्यांचा आवाज उतरला. "तू कबूल केलं ना? मग झालं. निस्तर आता तिथंच राहून. आत्याला मी सांगतो."

मफलर गुंडाळून मी उशाशी घेतला. नोकरीचं जरा मार्गी लागलं होतं, घरचं मार्गी लागलं होतं, आणि मला मात्र फक्त ती दारात न हललेली मान दिसत होती. तो मला आवडायचा, हे मला त्या संध्याकाळी सरळ, स्वच्छ कळलं, आणि नेमकं तेव्हा कळून उपयोग काय होता?

शुक्रवारी दहा वाजले. दाराकडे बघायचं नाही असं ठरवून मी दाराकडेच बघत होते. सव्वादहा. साडेदहा. येवल्याची बस आता निफाडच्या पुढे गेली असेल, मी मनाशी म्हणाले आणि सहाही बरण्या टेबलावर ओळीनं मांडल्या. नोंदवही उघडली. सरांनी प्रत्येक ठिकाणचे मासे ओळखून त्यांचे आकडे लिहिले होते. ओळख पक्की असेल तिथं नाव, शंका असेल तिथं पुढे प्रश्नचिन्ह. म्हणजे मासे ओळखता आले तर बरेचसे आपापल्या घरी जाऊ शकत होते. मी पहिला मासा उचलला. पाठीवर एकच लांब पर. उलटा केला. हनुवटीखाली दोन काड्या. ब्लेनी. एक झाला, दोनशे तेरा राहिले.

व्हरांड्यात काहीतरी धप्पकन टेकवल्याचा आवाज आला. मग दार पायानं ढकललं गेलं आणि वीस लिटरचा नवा कॅन पोटाशी धरून हर्षल आत आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.

"मासे पुन्हा निवडायचे तर स्पिरिट लागेल," तो म्हणाला. "कुठे ठेवू?"

मी त्याला विचारलं की आजच्या भाषणाचं काय झालं. म्हणाला, मार्गदर्शकांना काल रात्रीच कळवलं, की मासा आहे पण जागा पक्की नाही. त्यांनी काय ऐकवलं ते मात्र सांगितलं नाही. राग गेला का, हे मी विचारलं नाही. गेला नव्हता, ते त्याच्या बसण्यावरून कळत होतं. स्टूल एक वीत लांब होतं. पण बसला होता.

सतरा दिवस आम्ही ते मासे निवडले. तो सुईनं काटे मोजायचा, मी वहीशी ताडून पाहायची. पहिले तीन दिवस आकड्यांशिवाय बोलणं नाही. चौथ्या दिवशी मी म्हटलं की मालवणच्या बरणीत मोठा माल जास्त होता, गोल्टी अगदी मूठभर, ओतताना हाताला कळलं होतं. त्यानं वहीत बघितलं आणि ते जुळलं. तो म्हणाला, तुझा हात चांगला आहे. मग लगेच म्हणाला, अंदाजाला. आणि डाव्या कोपऱ्यातून, थोडंसंच, हसला. त्या दिवशी स्टूल कधी पुढे आलं ते मला कळलं नाही. मी सरकवलं नव्हतं.

शेवटी मोजके उरले. ज्यांना कुठलंच घर सापडलं नाही असे, आणि तो तीन परांचा. वहीत त्याच्याबद्दल दोन ओळी सापडल्या. हर्णैपुढे लिहिलं होतं, बारीक मासे चार, ओळख, आणि प्रश्नचिन्ह. लक्षद्वीपपुढे लिहिलं होतं, बारीक मासे सहा, ओळख, आणि प्रश्नचिन्ह. दोन्हीकडे तेच चिन्ह. म्हणजे तो हर्णैचा असूही शकत होता. हर्षलनं तसं लिहिलं असतं तर कोणी हरकत घेतली नसती.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, तू ठरव, मी मधे बोलणार नाही.

"तू बोलली नसतीस तर मी लिहिलं असतं," तो म्हणाला. "आणि जन्मभर तेच खरं मानलं असतं. आता माहीत असून कसं लिहू?"

त्यानं तो मासा चिमट्यानं उचलला, अगदी जपून, आणि उरलेल्यांच्या बरणीत सोडला. मी चिठ्ठी लिहिली, पेन्सिलीनं, कारण शाई स्पिरिटमध्ये उडून जाते. ठिकाण, माहीत नाही. खाली आम्हां दोघांच्या सह्या. म्हणाला, फेब्रुवारीत अमावास्येच्या ओहोटीला हर्णैला जाणार, स्वतः शोधणार, मिळाला तर मिळाला. मॅडम विद्यार्थ्यांची सहलही तेव्हाच नेतायत. मी म्हटलं, मी अजून समुद्र बघितला नाही. तो म्हणाला, माहीत आहे.

मग झाकणं लावून झाली, ट्रे धुऊन झाला आणि थांबायला काही कारण उरलं नाही. त्यानं पेटी भरली. भरली आणि परत उघडली. आतून चिठ्ठीचा एक कोरा कागद काढला, माझी पेन्सिल घेतली, पाठमोरा होऊन काहीतरी लिहिलं आणि कागद टेबलावरून माझ्या बाजूला सरकवला. मफलर सरकवला होता तसाच.

ठिकाण, नाशिक. तारीख, त्या पहिल्या सोमवारची. वेळ, सकाळी दहा. कोणाला सापडलं, हर्षल. ओळख, प्रेम. आणि पुढे एक प्रश्नचिन्ह.

मी चिठ्ठी दोनदा वाचली. "हे प्रश्नचिन्ह... तुला खात्री नाही म्हणून?"

"मला आहे," तो म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. "ते तुझ्या बाजूचं आहे."

किती दिवस मी नुसती गोंधळले होते. जवळ बसा म्हणजे काय, मफलर म्हणजे काय, परत आला म्हणजे काय, राग गेला की नाही. आता समोर एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मला येत होतं. मी खोडरबर घेतलं आणि ते चिन्ह पुसलं. नीट पुसलं, खूणही राहू दिली नाही, रबराचा चुरा फुंकून टाकला. मग चिठ्ठी हातात घेऊन उभी राहिले. बरणीत तर ही जाणार नव्हती.

"कुठे ठेवू?" मी विचारलं.

माझ्याकडे बघत त्यानं नुसती मान हलवली, दोनदा.